एर्लांगेनचा तान्हा पोळा

डिसेंबर हा आमच्याकडे घर सोडून कुठे जायचा महिना नाहीच. चांदूर बाजार तालुक्यात कोणालाही विचारा, कपाशीची वेचणी सुरू, तूर शेंगांनी वाकलेली, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइन रात्रीची, आणि ज्यांचा संत्र्याचा आंबिया बहार आहे त्यांच्या बगीच्यात व्यापाऱ्याची माणसं कॅरेट घेऊन उतरलेली. त्यात 20 डिसेंबरपासून बहिरमची यात्रा, म्हणजे पाहुणे, म्हणजे मटणाची हंडी, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. अशा दिवसांत आम्ही दोघं दोन लेकरं घेऊन जर्मनीला नाताळ पाहायला गेलो हे गावात काही लोकांना अजूनही खरं वाटत नाही, दिल्लीला वगैरे जाऊन आले असतील असं एक मत आहे.

कारण साधं होतं. माझी धाकटी बहीण न्युरेंबर्गजवळ एर्लांगेनला नोकरी करते, नाताळ ते नवीन वर्ष तिचं ऑफिस जवळजवळ बंदच असतं, आणि तिचं म्हणणं की उन्हाळ्यात या म्हटलं की तुम्ही लग्नसराई सांगता, दिवाळीत या म्हटलं की कापूस सांगता, तेव्हा आता कारणं पुरे. बगीचा यंदा झाडावरच ठोक्यात देऊन झाला होता, दीर म्हणाले कपाशीचं मी पाहतो. सासूबाई तेवढ्या घुश्शात. "बहिरम सोडून कुठी चालले वं तुमी? अन् थ्या थंडीत लेकरायले घेऊन?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी लाडू वळत राहिले.

व्हिसाचं फार सांगत नाही. एकच सांगते, शेतकऱ्याला आपण परत येणार आहोत हे कागदावर दाखवणं फार अवघड आहे. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून रिटर्नमध्ये आकडा चिमूटभर, मग सातबारा इंग्रजीत करून घ्या, बगीच्याच्या सौद्याची पावती इंग्रजीत करून घ्या, माणशी 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स काढा. मोठ्यांना फी 90 युरो, सहा वर्षांखाली काही नाही, त्यामुळे लहानी फुकटात. बारा वर्षांखालच्या पोरांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, याचं थोरल्याला इतकं वाईट वाटलं की विचारू नका, आजी राशनच्या मशीनवर अंगठा लावते तसा आपणही लावणार असं तो शाळेत सांगून आला होता.

नागपूरहून दोह्याला थेट विमान आहे, तिथून फ्रँकफर्ट, पुढे रेल्वे. झोप, उलटी, एक हरवलेला बूट. पुढे जाऊ.

नाताळातलं जर्मनी म्हणजे बर्फ अशी पोरांची पक्की खात्री होती आणि खरं सांगायचं तर आमचीही. उतरलो तेव्हा पाऊस. दुसऱ्या दिवशी पाऊस. बहीण म्हणाली इथे ऐन नाताळात नैऋत्येकडून उबदार वारं येतं आणि असलेला बर्फही वितळतो, हे इतकं नेहमीचं आहे की लोक त्याला नाताळातलं वितळणंच म्हणतात, सगळ्या देशभर पांढरा नाताळ शेवटचा झाला तो 2010 मध्ये. थोरला खिडकीशी बसून म्हणाला, "म्हणजे हे तर आपल्या मृगावानीच झालं, सांगतात एक अन् येते एक." आठ वर्षांचा आहे, पण शेतकऱ्याच्या घरचा आहे.

सूर्य आठ वाजता उगवायचा आणि सव्वाचार-साडेचारला बुडायचा. लहानीचं सगळं गणितच बिघडलं, दुपारचं जेवण झालं की तासा-दोन तासांत रात्र, मग ती संध्याकाळी पाच वाजता "आता मले झोपू द्या" म्हणून रडायची आणि पहाटे तीनला उठून मावशीच्या घरातले ड्रॉवर उघडायची. घराबाहेर पडायचं तर थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, जाकीट, टोपी, मोजे, दुसरे मोजे, हातमोजे, आणि शेवटची चेन ओढली की "आई, शू." लहान पोरं असलेल्या घरात हे सगळीकडे असंच होत असणार.

न्युरेंबर्गचा नाताळबाजार मात्र खरंच पाहण्यासारखा. हाउप्टमार्क्ट नावाचा मोठा चौक, त्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाखाली लाकडी दुकानांच्या ओळी, दीड-दोनशे तरी असतील. बाजाराचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे 1628 सालची एक लाकडी पेटी आहे, आणि दरवर्षी वीस लाखांच्या आसपास माणसं येतात म्हणे. मी पोरांना म्हटलं, समजा बहिरमच आहे. तर थोरला म्हणाला मग हंडी कुठी आहे. हंडी नव्हती, बोटाएवढे सॉसेज होते, एका ब्रेडात तीन. आमच्या ह्यांनी ते खाल्ले, मी आणि पोरांनी फळांचं गरम सरबत प्यायलं. कपाचं डिपॉझिट आधी घेतात, कप परत दिला की पैसे परत, हे ह्यांना इतकं पटलं की बहिरमला चहावाल्यांनी हेच करावं यावर ते रात्री उशिरापर्यंत बोलत होते.

मसाल्याचा वास सगळीकडे. लेबकुखन म्हणून त्यांचा एक मऊ बिस्किटासारखा गोड पदार्थ आहे, दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ घातलेला, त्यातला उंची प्रकार असेल तर पीठ जेमतेम आणि सुकामेवाच जास्त. न्युरेंबर्ग जुन्या व्यापारी रस्त्यांवरचं शहर, व्हेनिसकडून मसाला इथे यायचा आणि भोवतालच्या जंगलात मध भरपूर, त्यातून हे सुरू झालं. तोंडात टाकल्यावर लहानी म्हणाली, "आजीच्या डब्याचा वास येते." तिला ते फार आवडलं नाही, पण वास ओळखला.

सांताक्लॉजची मात्र फजिती झाली. टीव्हीवर पाहून पोरं त्यालाच शोधत होती, आणि या भागात भेटवस्तू आणतं ते क्रिस्टकिंड, म्हणजे सोनेरी केस, सोनेरी झगा, डोक्यावर मुकुट असं देवदूतासारखं रूप. त्यासाठी दर दोन वर्षांनी शहरातली 16 ते 19 वयाची एक मुलगी निवडतात, ती चर्चच्या सज्जात उभी राहून बाजाराचं उद्घाटन करते, त्यामुळे उंचीवर चक्कर येऊ नये अशी अटच आहे. 2019 मध्ये जी मुलगी निवडली गेली, बेनिग्ना मुन्सी, तिचे वडील भारतीय. तेव्हा एका पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या रंगरूपावरून घाणेरडी पोस्ट टाकली होती, मग पुष्कळ लोक तिच्या बाजूने बोलले आणि पोस्ट काढावी लागली. बहीण हे सांगताना जरा थांबली आणि मग म्हणाली, ताई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पोस्टही आणि बाजूने बोलणारेही. मी काही बोलले नाही. ती तिथे राहते, तिला जास्त कळतं.

आमचे हे बाजारात कमी आणि सुपरमार्केटमध्ये जास्त रमले. तिथे नाताळचं फळ म्हणजे आपलं संत्रं, म्हणजे त्याचे भाऊबंद, स्पेनहून आलेले क्लेमेंटाइन. 6 डिसेंबरला सेंट निकोलस पोरांच्या बुटात अक्रोड, चॉकलेट आणि हेच फळ ठेवून जातो. हे जाळीची पिशवी हातात घेऊन दहा मिनिटं उभे, साल दाबून पाहा, देठ पाहा, वास घ्या. घरी येऊन एक सोललं, फाकी उघडली आणि म्हणाले, "बी नाई." तेच तर आहे. आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, चवीला कोणी हात धरणार नाही, पण बिया आहेत आणि साल सैल, लांबच्या प्रवासात टिकत नाही. जवळचं गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं तसा आमच्या बगीच्यांचा भाव पडत गेला. आणि इथे डिसेंबरभर एका अख्ख्या देशाची पोरं बुटात संत्री शोधतायत! ह्यांनी त्या फळाचे फोटो काढून दिराला पाठवले, त्याचं उत्तर आलं, "दादा, तुमी फिराले गेले का मार्केटिंगले?"

बैलाची गोष्ट इथूनच सुरू होते, बाजारातून.

एका दुकानात गव्हाणीतल्या देखाव्याच्या लाकडी मूर्ती सुट्या विकायला होत्या. मरिया, योसेफ, बाळ, मेंढरं, गाढव आणि बैल. आमच्याकडे नाताळ ठाऊक आहे तो परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यामुळे, तिथल्या चांदण्या रस्त्यावरून जाताना दिसतात, आत काय असतं ते पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. थोरला बराच वेळ बघत राहिला आणि मग शंका निघाली, "बाळाले गव्हाणीत काऊन ठेवलं? मंग बैलाची कुटार कुठी टाकते?" या प्रश्नाचं उत्तर मावशीलाही येत नव्हतं. (नंतर वाचलं ते असं की बायबलमधल्या जन्माच्या गोष्टीत बैल-गाढव नाहीतच, जुन्या करारात यशयाचं एक वचन आहे की बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण, त्यावरून ते चित्रांत आले. आणि 1223 मध्ये संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो या इटलीतल्या गावी खरे बैल-गाढव उभे करून देखावा केला, ती प्रथा पसरली.)

त्याला फक्त बैल पाहिजे होता. गाढव नको, बाळ नको, फक्त बैल. दुकानदाराने दोनदा विचारलं. महाग होता, पण मावशीने घेऊन दिला. बाहेर येऊन त्याची तक्रार, "हा तर बसून रायला. अन् याले चाकं काऊन नाई?" कारण त्याच्या लेखी लाकडी बैल म्हणजे तान्ह्या पोळ्याचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याचा नंदी, ज्याला चाकं असतात, दोरी असते, आणि जो घेऊन घरोघरी गेलं की ओवाळतात आणि पैसे देतात. शेवटी गावाहून आणलेल्या खेळण्यातल्या जेसीबीवर बैल सुतळीने बांधला. जेसीबीवर बसलेला येशूच्या गोठ्यातला बैल. मावशी म्हणाली, फोटो कोणाला पाठवू नका.

24 तारखेला दुपारी दोनला बाजार उठला. उठला म्हणजे अक्षरशः, फळकुटं खाली, दिवे खाली. सुपरमार्केटही दोनच्या आसपास बंद, बहिणीने आधीच दूध-ब्रेड भरून ठेवलं होतं, कारण 25 आणि 26 दोन्ही दिवस सुट्टी आणि सुट्टी म्हणजे सुट्टी, काही म्हणजे काही मिळत नाही. मला वाटत होतं आता खरा सण सुरू होईल, गर्दी होईल, फटाके, लाउडस्पीकर. संध्याकाळी चर्चमध्ये लहान मुलांचं नाटक होतं, कोणीही जाऊ शकतं म्हणून गेलो. गव्हाणीचाच देखावा, मेंढरं झालेली पोरं, एक मेंढरू मधेच आईला हात करत होतं, आणि एका बैलाच्या आत दोन मुलं. थोरला उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, त्याला वाटलं पोळा इथेही आहे, फक्त आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि त्यानंतर सगळं गाव घरात. रस्त्यावर कुत्रं नाही. खिडक्यांमध्ये दिवे, आत लोक, दारं बंद. भेटवस्तू त्याच रात्री उघडतात, नाताळचं झाड असलेल्या खोलीत मुलांना आधी जाऊ देत नाहीत, घंटी वाजली की दार उघडतात. आणि जेवण काय, तर कित्येक घरांत बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज! मी म्हटलं सणाच्या दिवशी? बहीण म्हणाली, हो, म्हणजे त्या दिवशी बाईला चुलीपाशी उभं राहायला लागत नाही. यावर मी जरा गप्प झाले, पोळ्याच्या दिवशीची माझी पुरणाची चूल मला आठवली.

25 ला आम्ही ओल्या, रिकाम्या रस्त्यांवरून फिरलो. एका बागेत झोके होते, पोरं तासभर खेळली, त्यांना काही फरक पडला नाही. मला पडला. इतका पैसा खर्च करून नाताळ पाहायला आलो आणि नाताळ घरांच्या आत होता, आम्ही पाहिला तो बाजार. पाहुण्याला बाजारच दिसतो. मनात लगेच आलं, आमच्याकडे असं नाही बुवा, पोळ्याला कोणीही या, तोरण तुटताना उभे राहा, सगळं गाव रस्त्यावर. पण ते झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणतात ती कवनं, आणि ढोल-ताशांचं झालं. नंतर बैल ज्या दारात जातो, पाय धुतात, ओवाळतात, त्या दारात कोण कोण ओसरीवर थांबतं आणि कोण आत पाटावर बसतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. माझ्या माहेरी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, ताट वेगळं असायचं, तेही पोळ्याच्याच दिवशी, ज्याच्या जिवावर बैल होते त्याचं. तेव्हा दारं उघडी असण्याचा फार तोरा नको. त्यांची दारं सगळ्यांना सारखी बंद होती एवढं तरी होतं.

त्या रात्री थोरल्याने स्वयंपाकघरात मावशीची हळद आणि लोणी मागून घेतलं. खांदेमळणी, पोळ्याच्या आदल्या दिवशी करतात ती. बसलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून, आजोबा म्हणतात तसं कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लहानीने बैलाला लेबकुखन चारलं.

26 ला सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि पोरं गायब. जिन्यात जेसीबीची घरघर. बहीण पळाली. समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या, बहिणीची ओळख म्हणजे लिफ्टमध्ये नमस्कार आणि कचऱ्याचे वेगवेगळे डबे कसे भरायचे यावरची एक चिठ्ठी. पोरांनी त्या आजींचीच बेल वाजवलेली. दार उघडलं तर खाली बैल, थर्मलमधली दोन पोरं, लहानीचा हात पुढे, पैशासाठी.

बहीण माफी मागत होती, पण आजी हसायला लागल्या. म्हणाल्या, तुम्ही लवकर आलात. दाराच्या चौकटीवर त्यांनी बोट दाखवलं, खडूने लिहिलेले आकडे आणि सी, एम, बी अशी अक्षरं, पुसट झालेली. त्यांच्याकडे कॅथलिक पोरं तीन राजांचे मुकुट घालून, काठीवर चांदणी घेऊन, 6 जानेवारीच्या आसपास घरोघरी जातात, गाणं म्हणतात, जगातल्या गरीब मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि जाताना चौकटीवर वर्षाचा आकडा आणि ती अक्षरं लिहून घराला आशीर्वाद देतात. आजी लहानपणी त्यात होत्या, मुकुट पुठ्ठ्याचा होता आणि पावसात विरघळला, एवढं सगळं त्या दारात उभ्या राहून सांगत होत्या आणि बहीण आम्हाला मराठीत. चॉकलेट मिळालं, दोन नाणी मिळाली. जेसीबीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

आता बैल दारात नेला, दक्षिणा घेतली, तर पुढचं काय बोलायचं हे थोरल्याला सुचेना. त्याला पाठ होतं ते एकच, ते त्याने म्हणून टाकलं, हात जोडून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बहिणीने भाषांतर केलं. आजींनी विचारलं, किती वाजता?

म्हणजे 27 ला दुपारी ठीक बाराला त्या आल्या. बाराला म्हणजे बाराला, मी अजून ओढणीला हात पुसत होते. हातात वाटीभर बटाट्याची कोशिंबीर, आदल्या दिवसांची उरलेली, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, आणि पत्र्याच्या डब्यात घरची चंद्रकोरीसारखी बिस्किटं. आम्ही रोडगे केले होते, गोवऱ्या नाहीत म्हणून ओव्हनमध्ये, वरून पांढरट राहिले आणि आतून जरा चिवट, वांग्याची भाजी, वरण, तूप. रोडगा हाताने फोडून वरणात कसा कुस्करायचा हे त्यांना लहानीने शिकवलं, बोटाने त्यांच्या ताटात. ह्यांनी क्लेमेंटाइन आणि बी यावर भाषण सुरू केलं, ते बहिणीने अर्ध्यात भाषांतर करायचं सोडून दिलं. आजींचा मुलगा हॅम्बुर्गला असतो, तो 24 ला येणार होता, नाही जमलं, हेही कधीतरी मधेच बोलून झालं.

निघताना त्यांनी विचारलं, हा बैलांचा सण खरा कधी असतो. बहिणीने मोबाइलवर तारीख काढली, पिठोरी अमावस्या, ऑगस्ट नाही तर सप्टेंबर. त्या म्हणाल्या, सप्टेंबर त्यांना बरा, गुडघे तेव्हा दुखत नाहीत.

गावी आल्यापासून त्यांचे बहिणीला मेसेज सुरू आहेत, नागपूरहून आमचं गाव किती लांब, पावसात रस्ता असतो का, बैल मारका आहे का. सासूबाई म्हणतात येऊ दे, माणूस आहे. आमचे हे मात्र टेन्शनमध्ये, परवा रात्री एकदम उठून बसले आणि म्हणाले, "पुरणपोळीचं पाहून घेऊ वं, पहिले त्या संडासाच्या टाकीचं काय करावं थे सांग."